प्रोस्टेटच्या वाढीवर उपचार घेताना लैंगिक क्षमता कशी जपावी?

शांतवाचक (प्रश्न)

माझे वय ५८ वर्षे आहे. काही वर्षांपासून लघवीची धार मंदावली आहे, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, करून झाल्यावरही मूत्राशय रिकामे झाल्यासारखे वाटत नाही आणि रात्री तीन-चार वेळा उठावे लागत असे. सोनोग्राफीत प्रोस्टेटचे आकारमान ५२ मिलिलिटर आले असून ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात थोडा वर आलेला आहे, असे अहवालात लिहिले आहे. लघवी करून झाल्यावरही सुमारे ७० मिलिलिटर लघवी आत उरते. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) १.८ आहे. रक्तदाबासाठी एक गोळी चालू आहे, मधुमेह नाही, हृदयविकारही नाही.

डॉक्टरांनी टॅमसुलोसिन सुरू केले. त्याने लघवीचा त्रास बराच कमी झाला, परंतु त्याच सुमारास वीर्यस्खलन जवळजवळ बंद झाले. ताठरता पूर्वीसारखी आहे, कामतृप्तीची संवेदनाही होते, मात्र वीर्य बाहेर येत नाही. मी हे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवले. एक म्हणजे सोबत ड्युटास्टेराइड हे ग्रंथी लहान करणारे औषध सुरू करणे आणि दुसरा म्हणजे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेणे. यांपैकी कशाने लैंगिक जीवनावर काय परिणाम होईल असे विचारल्यावर, या वयात त्याची एवढी काळजी करू नका, असे उत्तर मिळाले. माझे आणि पत्नीचे शारीरिक सहजीवन आजही आम्हा दोघांना महत्त्वाचे वाटते, म्हणून त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही.

लघवीचा त्रास आटोक्यात राहावा आणि लैंगिक क्षमताही टिकावी असा मार्ग खरोखर आहे का, की यांपैकी एकाचा त्याग करणे अटळच असते? जाणकारांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मूत्ररोगचिकित्सक

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. साठीच्या आसपासच्या पुरुषाला लैंगिक जीवनाची पर्वा नसते, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. अमेरिका आणि सहा युरोपीय देशांतील ५० ते ८० वयाच्या हजारो पुरुषांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. बहुसंख्य पुरुष लैंगिकदृष्ट्या सक्रिय असल्याचे तिच्यात दिसले, आणि लघवीच्या तक्रारी जितक्या तीव्र तितक्या ताठरतेच्या व स्खलनाच्या तक्रारी अधिक, हा संबंध वय, मधुमेह, रक्तदाब वगैरे बाबी वेगळ्या काढल्यानंतरही कायम राहिला. म्हणजे उपचार न घेतल्याने लैंगिक जीवन आपोआप सुरक्षित राहते असेही नाही.

उपचाराची निवड करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते आणि माझ्या मते बहुतेक सल्लामसलत तिथेच फसते. ‘लैंगिक क्षमता’ म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्यात कामेच्छा, ताठरता, वीर्यस्खलन आणि कामतृप्तीची संवेदना या चार वेगवेगळ्या गोष्टी असतात, त्यांची यंत्रणा वेगळी असते आणि प्रोस्टेटवरचा प्रत्येक उपचार त्यांपैकी वेगळ्याच गोष्टीला हात लावतो. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या वेष्टनाच्या बाहेरून, दोन्ही बाजूंनी जातात. साध्या वाढीच्या शस्त्रक्रियेत काम ग्रंथीच्या आतून होत असल्यामुळे त्या नसांना सहसा धक्का लागत नाही. कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढतात ती शस्त्रक्रिया पूर्णपणे निराळी आहे, आणि लोकांच्या मनातील भीती बरेचदा तिच्याविषयी ऐकलेल्या अनुभवांतून आलेली असते. याउलट वीर्यस्खलनाचा मार्ग प्रोस्टेटच्या मधूनच जातो, त्यामुळे उपचारांचा सर्वांत जास्त फटका त्यालाच बसतो.

आता तुमच्या टॅमसुलोसिनविषयी. अल्फा-ब्लॉकर गटातील ही औषधे प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात, म्हणून धार सुधारते. परंतु वीर्यवाहिनी आणि वीर्यकोश यांच्या आकुंचनासाठीही तेच ग्राहक (औषध पेशींवर जिथे काम करते ती ठिकाणे) लागतात. तेच रोखले गेल्यामुळे वीर्य पुढे ढकललेच जात नाही. ते मूत्राशयात उलटे जाते असे पूर्वी मानत असत, परंतु या औषधांच्या बाबतीत बऱ्याच अंशी ते मूत्रमार्गापर्यंत येतच नाही, असे आता समजले आहे. अमेरिकेतील चाचण्यांत टॅमसुलोसिनच्या ०.४ मिलिग्रॅम मात्रेवर सुमारे ८ टक्के आणि ०.८ मिलिग्रॅमवर सुमारे १८ टक्के पुरुषांनी स्खलनातील बिघाड नोंदवला. सिलोडोसिन त्याच ग्राहकांवर अधिक नेमकेपणाने काम करत असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांपर्यंत गेले. हा परिणाम शरीराला अपायकारक नाही आणि औषध थांबवल्यावर काही दिवसांत तो नाहीसा होतो.

म्हणून तुमच्यासाठी पहिली पायरी शस्त्रक्रिया नसून गोळी बदलून पाहणे ही असावी, असे मला वाटते. याच गटातील अल्फुझोसिन (१० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणानंतर) लघवीच्या त्रासावर साधारण तेवढेच उपयोगी पडते आणि स्खलनावर त्याचा परिणाम फारच कमी दिसतो. हृदयाच्या विद्युत आलेखात दोष असलेल्यांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना ते देताना काळजी घ्यावी लागते. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने सुरुवातीला उठताना चक्कर येते का, याकडेही लक्ष द्यावे.

दुसरा विचार करण्याजोगा पर्याय म्हणजे रोज ५ मिलिग्रॅम टॅडालाफिल. ताठरतेसाठी ओळखले जाणारे हे औषध प्रोस्टेटच्या वाढीच्या लक्षणांसाठी अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. ते ग्रंथी लहान करत नाही आणि धारेचा वेगही फारसा वाढवत नाही, परंतु वारंवारता, घाई आणि एकूण त्रास कमी करते व ताठरता बिघडवण्याऐवजी सुधारते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट औषधे घेणाऱ्याने ते कधीही घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सुरू करण्यापूर्वी मात्र थोडे थांबून विचार करावा. ही औषधे टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूपात होणारे रूपांतर रोखतात आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक काळात ग्रंथी २० ते ३० टक्क्यांनी लहान करतात. मोठ्या ग्रंथीत त्यांचा फायदा निर्विवाद आहे. फिनास्टेराइडच्या चार वर्षांच्या एका मोठ्या चाचणीत लघवी पूर्ण तुंबण्याचा धोका ५७ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेची गरज ५५ टक्क्यांनी घटली. परंतु चारही गोष्टींपैकी कामेच्छेला हात लावणारी औषधे हीच आहेत. त्याच चाचणीत पहिल्या वर्षात ताठरतेची तक्रार औषध घेणाऱ्यांत ८.१ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ३.७ टक्के होती. कामेच्छा कमी झाल्याची तक्रार अनुक्रमे ६.४ आणि ३.४ टक्के होती. त्यानंतरच्या वर्षांत दोन्ही गटांतील नव्या तक्रारींचे प्रमाण सारखेच झाले, हेही लक्षात घ्यावे. काही पुरुषांनी औषध थांबवल्यानंतरही तक्रारी टिकल्याचे नोंदवले आहे. असे पुरुष थोडे असले तरी त्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. शिवाय ड्युटास्टेराइड आणि टॅमसुलोसिन एकत्र दिल्यावर स्खलनाच्या तक्रारी कोणत्याही एका औषधापेक्षा वाढतात, म्हणजे तुमची आजची तक्रार दूर करण्यासाठी जो मार्ग सुचवला गेला आहे त्याने तीच तक्रार पक्की होण्याची शक्यता अधिक आहे. ही औषधे सुरू केलीच तर पीएसए साधारण निम्मे होते, त्यामुळे पुढे अहवाल वाचताना तो आकडा दुप्पट करून पाहावा लागतो. हे माहीत नसल्यास कर्करोगाची सूचना हुकू शकते.

शस्त्रक्रियेविषयी इथे अनुभवी वाचक लिहितील, त्यानंतर मी भर घालेन.

उत्तरायण

माझी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ज्याला टीयूआरपी म्हणतात ती, झालेली आहे. लघवी अचानक पूर्ण तुंबल्यामुळे नळी घालावी लागली होती आणि नळी काढून पाहिल्यावर पुन्हा तुंबली, त्यामुळे माझ्यापुढे फार पर्याय नव्हते. लघवीच्या दृष्टीने परिणाम उत्तम आहे. ताठरतेत काहीही फरक पडलेला नाही. वीर्य मात्र बाहेर येत नाही. ते मागे मूत्राशयात जाते आणि नंतरच्या लघवीतून निघून जाते, त्यामुळे ती लघवी थोडी गढूळ दिसते. पहिल्यांदा ते पाहून मी घाबरलो होतो, कारण मला त्याविषयी आधी कोणी सांगितले नव्हते आणि संमतिपत्रावरील बारीक अक्षरांतील एक ओळ एवढाच त्याचा उल्लेख होता.

संवेदनेबद्दल विचाराल तर ती टिकून आहे, पण तिचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी जो एक जोर जाणवत असे, तो आता जाणवत नाही. काही महिन्यांत मला त्याची सवय झाली आणि आज ते उणे वाटत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मात्र हाच बदल फार लागला आणि ते दीर्घकाळ उदास राहिले. म्हणून ‘त्याने काही बिघडत नाही’ असे दुसऱ्याच्या वतीने कोणीही सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्यालाच ते ठरवू द्यावे, आणि ठरवता येण्यासाठी त्याला ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी कळायला हवे.

ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांच्यासाठी तर ही माहिती अत्यावश्यक आहे, कारण वीर्य उलट दिशेने गेल्यास नैसर्गिक गर्भधारणा होत नाही. लघवीतून शुक्राणू वेगळे करून त्यांचा वापर करता येतो, असे मला नंतर समजले, परंतु ती वाट लांबची आहे.

सहधर्मिणी

मी रुग्ण नाही, रुग्णाची पत्नी आहे, तरीही लिहिण्याचे धाडस करते. या विषयात पत्नीला कोणी काही विचारत नाही. रात्री चार-पाच वेळा उठणाऱ्या माणसाशेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचीही झोप मोडते, दोघेही दिवसभर थकलेले असतात आणि जवळीक कमी होण्याला ग्रंथीइतकाच हा थकवाही कारणीभूत असतो. माझ्या यजमानांनी औषध सुरू केल्यावर वीर्य येणे थांबले, तेव्हा त्यांनी ते मला सांगितले नाही आणि हळूहळू जवळ येणेच टाळू लागले. त्यांच्या मनातून माझे आकर्षण संपले असावे, असा समज मी करून घेतला होता. खरे कारण कळले तेव्हा मला मनापासून सुटल्यासारखे वाटले, कारण माझ्यासाठी वीर्य येते की नाही याला काहीच महत्त्व नव्हते.

शांतवाचक, तुम्ही लिहिले आहे की हे सहजीवन तुम्हा दोघांना महत्त्वाचे आहे. मग पुढच्या भेटीत पत्नीलाही सोबत घेऊन जावे, असे मी सुचवेन. डॉक्टरांसमोर दोघे बसलेले असले की ‘या वयात’ हे शब्द सहसा निघत नाहीत. पत्नीच्या दृष्टीने काय टिकावे आणि कशाचे विशेष काही वाटणार नाही, हेही तुम्हाला त्यांच्याच तोंडून कळेल. कदाचित तुम्ही ज्याची सर्वाधिक चिंता करता आहात ती गोष्ट त्यांच्या यादीत बरीच खाली असेल, किंवा वरही असेल. विचारल्याशिवाय ते समजणार नाही.

शांतवाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही दोघांनी ही उत्तरे एकत्र वाचली. स्खलन परत आले तर आम्हाला ते हवे आहे, परंतु कामेच्छा आणि ताठरता यांना धक्का लागेल असे काही आम्हाला नको आहे, हा क्रम आमच्यात आता स्पष्ट झाला आहे.

दोन शंका उरतात. औषधे बदलूनही भागले नाही तर वीर्यस्खलन राखणाऱ्या कोणत्या शस्त्रक्रिया आहेत, आणि मधला भाग वर आलेल्या माझ्यासारख्या ग्रंथीला त्या चालतात का? दुसरे असे की, नातेवाइकांकडून वनौषधींच्या गोळ्यांचा आग्रह होतो आहे. त्या घेऊन आणखी काही वर्षे शस्त्रक्रिया लांबवली तर चालेल का?

मूत्ररोगचिकित्सक

तुम्ही दोघांनी जो क्रम ठरवला आहे तो कागदावर लिहून पुढच्या भेटीला घेऊन जावा, कारण शस्त्रक्रियेची निवड खरोखर त्यावरच ठरते.

टीयूआरपी ही आजही तुलनेची कसोटी मानली जाते. तिने धार उत्तम सुधारते आणि परिणाम अनेक वर्षे टिकतो, परंतु साधारण दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक पुरुषांत स्खलन उलट दिशेने होऊ लागते. लेझरने ग्रंथीचा आतील भाग सोलून काढण्याची होलेप ही पद्धत फार मोठ्या ग्रंथींसाठी उत्कृष्ट आहे आणि तिच्यात रक्तस्राव कमी होतो, पण स्खलनाच्या बाबतीत ती टीयूआरपीपेक्षा सरस नाही. लेझर म्हटले की लैंगिक दृष्टीनेही सुरक्षित, असा एक गैरसमज रुग्णांत पसरलेला आहे. नेमके काय कापले जाते त्यावर परिणाम ठरतो, कशाने कापले त्यावर फारसा नाही.

वीर्यनलिका मूत्रमार्गात जिथे उघडतात तिथे एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्या आसपासचा, विशेषतः त्याच्या वरच्या बाजूचा साधारण एक सेंटिमीटरचा भाग न छेडता ठेवल्यास बऱ्याच पुरुषांचे स्खलन टिकते, असे अनेक शल्यविशारदांनी आपल्या रुग्णांच्या ठेवलेल्या नोंदींत दिसले आहे. मूत्राशयाचे तोंड बंद होण्यामुळेच वीर्य पुढे जाते, हे जुने स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरले आहे. ही काळजी घेऊन केलेली टीयूआरपीही शक्य असते, मात्र थोडी ऊती मागे राहत असल्याने लघवीचा परिणाम किंचित कमी पडू शकतो. तुमच्या शल्यविशारदांना या पद्धतीचा अनुभव आहे का, हे थेट विचारण्यात काहीही गैर नाही. ग्रंथी ३० मिलिलिटरपेक्षा लहान असेल तर ऊती न काढता मूत्राशयाच्या तोंडाशी केवळ छेद देण्याचा पर्यायही असतो आणि त्यात स्खलन बिघडण्याचे प्रमाण बरेच कमी असते, पण तुमची ग्रंथी त्या मर्यादेबाहेर आहे.

आता नव्या पद्धतींकडे येऊ. युरोलिफ्टमध्ये प्रोस्टेटच्या बाजूच्या दोन भागांना लहान टाचण्यांनी मागे खेचून बांधतात. खिडकीचे पडदे दोन्ही बाजूंना बांधून ठेवावेत तसा मधला मार्ग मोकळा होतो, आणि काहीही कापले वा जाळले जात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या पद्धतीच्या प्रमुख चाचणीत नव्याने टिकून राहिलेला ताठरतेचा किंवा स्खलनाचा बिघाड आढळला नाही, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु पाच वर्षांत १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, लघवीतील सुधारणा टीयूआरपीपेक्षा कमी राहिली, आणि मधला भाग मार्ग अडवत असेल तर तिचा उपयोग मर्यादित होतो. म्हणून तुमच्या ग्रंथीसाठी ती माझी पहिली निवड नसेल.

रेझूम या पद्धतीत सुईद्वारे ऊतीत पाण्याची वाफ सोडतात. प्रत्येक वेळी ती केवळ ९ सेकंद सोडली जाते आणि तिच्या उष्णतेने मेलेली ऊती पुढच्या काही आठवड्यांत शरीर शोषून घेते. प्रमुख चाचणी ३० ते ८० मिलिलिटरच्या ग्रंथींवर झाली, म्हणजे तुमची ग्रंथी त्या मर्यादेत बसते, आणि मधल्या भागावरही वाफ सोडता येते. पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण ४.४ टक्के होते आणि ताठरता बिघडल्याच्या तक्रारी नव्याने आल्या नाहीत. स्खलनातील बिघाड थोड्याच रुग्णांत दिसला. मात्र धीर धरावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस नळी ठेवावी लागते, जळजळ आणि घाई काही आठवडे वाढते, आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात.

अ‍ॅक्वाब्लेशनमध्ये यंत्राच्या नियंत्रणाखाली पाण्याच्या तीव्र झोताने ऊती काढली जाते आणि वीर्यनलिकांच्या तोंडाशी असलेला तो उंचवटा आधीच आखून वगळला जातो. टीयूआरपीशी केलेल्या थेट तुलनेत स्खलन थांबण्याचे प्रमाण अ‍ॅक्वाब्लेशननंतर १० टक्के आणि टीयूआरपीनंतर ३६ टक्के होते, तर लघवीतील सुधारणा दोन्हींत सारखीच होती. मोठ्या ग्रंथींवरही ती चालते. रक्तस्रावाची शक्यता मात्र गृहीत धरावी लागते. प्रोस्टेटकडे जाणाऱ्या धमन्या आतून बंद करण्याची पद्धत क्ष-किरणतज्ज्ञ करतात आणि भूल देण्याचा धोका असलेल्यांना ती उपयोगी पडते. मात्र ती स्खलनासाठी पूर्ण निर्धोक आहे, हे म्हणणे बरोबर नाही. २०१८ च्या एका तुलनात्मक चाचणीत तिच्यानंतर ५६ टक्के आणि टीयूआरपीनंतर ८४ टक्के पुरुषांनी स्खलनात बदल झाल्याचे सांगितले.

कोणतीही पद्धत निवडण्यापूर्वी मधला भाग किती अडवतो आहे, हे दुर्बिणीने एकदा प्रत्यक्ष पाहून घेणे आवश्यक आहे. केवळ सोनोग्राफीवर हा निर्णय घेऊ नये. उपचारापूर्वीची ताठरता आणि स्खलन यांची स्थिती ठरावीक प्रश्नावलीतून नोंदवून ठेवल्यास नंतरच्या बदलाचे मोजमापही प्रामाणिकपणे होते.

वनौषधींचे म्हणाल तर त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असलेल्या सॉ पामेटोची कसून परीक्षा झाली आहे. २००६ मधील चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि २०११ मधील दुसऱ्या चाचणीत नेहमीच्या तिप्पट मात्रेनेही फरक पडला नाही. अनेक वनस्पतींच्या मिश्रणातून बनवलेल्या गोळ्यांत नेमके काय आणि किती आहे याची खात्री नसते, म्हणून मी त्या सुचवत नाही. त्यापेक्षा झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी पिणे, चहा, कॉफी व मद्य आटोक्यात ठेवणे, लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे, वजन आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, तसेच सर्दीसाठी घेतली जाणारी नाक मोकळे करणारी औषधे व झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या टाळणे यांचा फायदा खात्रीने होतो. सर्दीच्या एका गोळीने लघवी पूर्ण तुंबून रुग्णालयात आलेले रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. चालणे आणि वजन कमी करणे यांनी ताठरतेलाही लाभ होतो, कारण रक्तवाहिन्यांचे आरोग्य दोन्हीकडे सारखेच लागते.

थांबण्याविषयी माझे उत्तर असे आहे. त्रास मध्यम असेल, मूत्रपिंडे ठीक असतील आणि उरणारी लघवी वाढत नसेल तर औषधांवर वर्षानुवर्षे राहता येते आणि लैंगिक जीवन जपण्यासाठी तसे राहणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे. परंतु लघवी वारंवार तुंबणे, पुन्हा पुन्हा संसर्ग होणे, मूत्राशयात खडे होणे, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव आणि मूत्रपिंडांवर ताण येणे या परिस्थितींत शस्त्रक्रिया लांबवणे घातक असते. फार काळ जोर लावून थकलेले मूत्राशय नंतर अडथळा दूर केला तरी पूर्ववत होत नाही. म्हणून सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी उरलेली लघवी, धारेचा वेग व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासत राहावे.

शांतवाचक

हे सर्व घेऊन पुढच्या आठवड्यात आम्ही दोघेही डॉक्टरांकडे जाणार आहोत. आधी टॅमसुलोसिनऐवजी अल्फुझोसिन देता येईल का असे विचारू आणि दुर्बिणीची तपासणी करून घेऊ. एक शेवटची शंका आहे. अल्फुझोसिन आणि टॅडालाफिल दोन्ही एकदमच सुरू करून पाहिले तर लवकर कळणार नाही का?

मूत्ररोगचिकित्सक

तसे करू नये. दोन्ही औषधे रक्तदाब खाली आणतात आणि तुमची रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे. आधी एकच बदल करावा, चार ते सहा आठवडे त्याचा परिणाम पाहावा आणि स्खलन परत आले का, लघवी कशी आहे हे दोन्ही टिपून ठेवावे. त्यानंतरही उणे वाटले तर टॅडालाफिलचा विचार करावा, आणि तोही शक्यतो अल्फुझोसिनला जोडून नव्हे तर त्याच्या जागी. टॅमसुलोसिन स्वतःहून अचानक बंद करू नये. नवी गोळी हातात आल्यावर डॉक्टर सांगतील तसाच बदल करावा. पुढे कधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर अल्फा-ब्लॉकर घेतले होते हे, औषध बंद करून बराच काळ लोटला असला तरीही, नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांनी बाहुली सैल पडून ती शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते आणि आधी कळल्यास ते त्याची तयारी ठेवतात.